घरातल्या दोन भाषा आणि मेंदूचा हिशेब

"घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी. एवढ्याशा डोक्यात हे सगळं मावायचं कसं? पोर गोंधळणार नाही का?"

हा प्रश्न आपल्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक घरात एकदा तरी निघतो. मूल दोन वर्षांचं झालं आणि शेजारच्या मुलापेक्षा चार शब्द कमी बोलायला लागलं, की हमखास निघतो. मग कुणीतरी जाणतं माणूस सल्ला देतं, "एकच भाषा ठेवा." आणि गंमत बघा, कुठली भाषा सोडायची हे ठरवताना इंग्रजी कधीच सुटत नाही. सुटते ती आजीची भाषा. आजी मराठी असली तर मराठी आणि आजी कन्नड असली तर कन्नड.

भाषेचा विषय निघाला की आपल्याकडे मोर्चे, पाट्या आणि कोर्ट आठवतं. वाचकहो, आज त्यात शिरायचं नाही. आजचा विषय स्वयंपाकघरातला आहे. सासरची भाषा एक, माहेरची दुसरी, अशी कितीतरी घरं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडे आहेत. त्या घरातल्या मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या मेंदूत नेमकं काय चालतं, यावर जगभरच्या विद्यापीठांनी गेली शंभर वर्षं संशोधन केलंय. त्यात आपल्याला दिलासा देणारं पुष्कळ आहे, आणि उगाच हुरळून जाऊ नये असंही काही आहे. दोन्ही बाजू समजून घेतलेल्या बऱ्या.

आधी ही भीती आली कुठून ते पाहू. 1923 साली डी. जे. सेअर नावाच्या संशोधकानं ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतातल्या सुमारे 1400 शाळकरी मुलांची बुद्धिचाचणी घेतली. तिथं घरात वेल्श आणि शाळेत इंग्रजी, असा आपल्यासारखाच मामला होता. खेड्यातली दोन भाषा बोलणारी मुलं एकभाषिक मुलांपेक्षा मागे पडली. शहरात मात्र असा फरक दिसला नाही. खरं तर तिथंच थांबून विचार करायला हवा होता, की दोष भाषेचा असता तर तो शहरातल्या मुलांतही दिसायला नको का? मुलांच्या घरची परिस्थिती काय, आईबाप काय काम करतात, याचा हिशेब त्या काळच्या अशा अभ्यासांत नीट मांडलेलाच नसे. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच की दोन भाषांनी बुद्धी मंदावते. पुढची चाळीस वर्षं शिक्षक आणि डॉक्टर तेच सांगत राहिले.

या समजुतीला मोठा धक्का बसला तो 1962 साली, कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात. मॅकगिल विद्यापीठातल्या एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी फ्रेंच शाळांमधली दहा वर्षांची मुलं घेतली. 75 मुलं एकभाषिक, 89 मुलं फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही बोलणारी. या वेळी घरची सांपत्तिक स्थिती सारखी आहे ना, हे पाहून तुलना केली. द्विभाषिक मुलं निदान काही चाचण्यांत तरी मागे पडतील अशी त्यांची अपेक्षा होती. झालं उलटंच. बहुतेक चाचण्यांत तीच पुढे होती. या अभ्यासावरही टीका झाली. दोन्ही भाषा उत्तम येणारीच मुलं निवडली म्हणजे हुशार मुलंच निवडली गेली असतील, असा आक्षेप होता आणि तो रास्त होता. पण दोन भाषांनी डोकं बिघडतं ही समजूत त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखी उभी राहिली नाही.

आता पाळण्यातल्या बाळाकडे येऊ. 2010 साली कॅनडातल्याच ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी जन्मून काही दिवसच झालेली बाळं तपासली. काही आया गरोदरपणात फक्त इंग्रजी बोलत होत्या, तर काही इंग्रजी आणि फिलिपिन्सची तागालोग अशा दोन्ही भाषा. एवढ्या लहान बाळाला विचारणार काय? त्याच्या तोंडात चोखणी देतात आणि काही ऐकवल्यावर ते किती जोरानं चोखतं हे मोजतात. आवडीचं ऐकलं की बाळ जोरानं चोखतं. एकभाषिक आयांच्या बाळांनी इंग्रजीला पसंती दिली. दोन भाषा बोलणाऱ्या आयांच्या बाळांनी दोन्ही भाषांना सारखीच दाद दिली. आणि खरी मजेची गोष्ट पुढेच आहे. या दोन भाषा वेगळ्या आहेत हेही त्या बाळांना कळत होतं. म्हणजे ज्याला आपण 'गोंधळ' म्हणतो, तो पाळण्यातसुद्धा नसतो.

त्याच्याही आधी, 1984 साली, जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी आपल्या 'ट' आणि 'त'वर प्रयोग केला होता. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसाला हिंदीतला 'ट' आणि 'त' यांतला फरक ऐकू येणं अवघड जातं. पण इंग्रजी घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो फरक चांगला कळत होता. दहा ते बारा महिन्यांची झाल्यावर मात्र त्यांतल्या बहुतेकांना तो कळेना. कारण तो आवाज त्यांच्या कानावर पडतच नव्हता. हिंदी घरातल्या बाळांना तो त्या वयातही कळत होता. जे कानावर पडतं ते मेंदू जपतो आणि जे पडत नाही त्याची दखल घेणं सोडून देतो.

हे आपल्या घराला लावून बघा. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ 'ओ' वेगळे आहेत. 'कोडु' ऱ्हस्व म्हटला तर 'दे', दीर्घ म्हटला तर 'शिंग'. मराठी लिपीत दोन्ही सारखेच लिहावे लागतात, आणि नुसत्या मराठीत वाढलेल्या माणसाला हा फरक मोठेपणी घासूनपुसून शिकावा लागतो. उलट मराठीत 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, यांतले दोन 'ज' वेगळे. कन्नड घरातून आलेल्या सुनेला त्यासाठी सासूकडून चार वेळा हसून घ्यावं लागतं. दोन्ही भाषा ऐकत वाढलेल्या पोराला मात्र ही शिकवणी लागत नाही.

"पण आमचं पोर मिसळून बोलतं. म्हणतं, आज्जी, मला नीरु पाहिजे." हीही तक्रार नेहमीची. मुलाला त्या क्षणी जो शब्द आधी सुचतो, तो ते वापरतं. मोठी माणसंही तेच करतात, आपला बाजार ऐकला तरी पटेल. शब्द कमी असण्याबद्दलही एक साधा हिशेब आहे. अमेरिकेतल्या मायामीमध्ये इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणाऱ्या लहानग्यांचा अभ्यास 1993 साली प्रसिद्ध झाला. एकाच भाषेतले शब्द मोजले तर काही वेळा ती कमी वाटतात. दोन्ही भाषांतले मिळून मोजले तर ती एकभाषिक मुलांच्या बरोबरीनं असतात. एका खिशातले पैसे मोजून माणसाला गरीब ठरवू नये, तसंच हे.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मूल खरोखरच उशिरा बोलत असेल, हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर 'दोन भाषा आहेत म्हणून असेल' असं म्हणून थांबू नये. आधी कानांची तपासणी करून घ्यावी आणि वाचातज्ज्ञाला दाखवावं. या क्षेत्रातली देशातली नावाजलेली संस्था, 1965 साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था, आपल्याच राज्यात मैसूरला आहे. बोलण्यातला खरा दोष असला तर तो मुलाच्या दोन्ही भाषांत दिसतो. एक भाषा बंद करणं हे त्यावरचं औषध नव्हे.

आता मोठ्या माणसाच्या डोक्यात दोन भाषा कशा नांदतात? आपल्याला वाटतं, मराठी बोलताना कन्नडचा दिवा बंद असेल. तसं नसतं. 1999 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मायकल स्पिव्ही आणि व्हिओरिका मारियन यांनी रशियन आणि इंग्रजी जाणणाऱ्यांच्या नजरेवर यंत्रानं लक्ष ठेवलं. रशियनमध्ये 'मार्का' म्हणजे पोस्टाचं तिकीट. रशियनमधून 'तिकीट उचल' असं सांगितलं की त्यांची नजर क्षणभर शेजारी ठेवलेल्या मार्कर पेनकडे जाई. इंग्रजीचा एक शब्दही कुणी उच्चारलेला नव्हता. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर 'मनी' घ्या. आपल्या भागातल्या कन्नडमध्ये 'मनी' म्हणजे घर, आणि मराठी पोराला 'मनी' म्हणजे मांजर. हा शब्द कानावर पडला की दोन्ही अर्थ जागे होतात, आणि प्रसंग पाहून मेंदू एकाला पुढे करतो, दुसऱ्याला मागे सारतो. आपण हे दिवसातून शेकडो वेळा करतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

या रोजच्या कसरतीनं मेंदू तयार होत असेल का? त्याची काही शिल्लक म्हातारपणी उपयोगी पडत असेल का? गेल्या काही दशकांत सर्वांत जास्त गाजलेला प्रश्न हाच. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातल्या एलेन बियालिस्टॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली स्मृतिभ्रंशाच्या 184 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. दोन भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणं सरासरी चार वर्षं उशिरा दिसली होती. पण एक अडचण होती. तिथले बरेचसे द्विभाषिक हे परदेशातून येऊन स्थायिक झालेले. मग फरक भाषेचा की देशांतर करणाऱ्या माणसाच्या मूळच्या चिवटपणाचा?

याचं उत्तर शोधायला आपल्या देशासारखी जागा नाही. इथं दोन भाषा यायला कुणाला परदेशी जावं लागत नाही. हैदराबादच्या निझाम वैद्यकीय विज्ञान संस्थेतल्या डॉ. सुवर्णा अल्लादी यांनी एडिंबरा विद्यापीठाच्या थॉमस बाक यांच्या साथीनं 648 रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या. त्यांतले 391 जण दोन किंवा अधिक भाषा बोलणारे होते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात द्विभाषिकांना स्मृतिभ्रंश सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला. शाळेची पायरीही न चढलेल्या लोकांतही हा फरक टिकून होता, ही यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. म्हणजे हा नुसता शिक्षणाचा परिणाम नव्हे. आणि तीन-चार भाषा येणाऱ्यांना दोन भाषावाल्यांपेक्षा जास्त लाभ दिसला नाही.

त्याच गटानं पुढे पक्षाघात झालेल्या 608 रुग्णांचा अभ्यास केला. पक्षाघातानंतर विचारशक्ती शाबूत राहिलेल्यांचं प्रमाण द्विभाषिकांत 40.5 टक्के, तर एकभाषिकांत 19.6 टक्के होतं. बोलणं जाण्याच्या प्रमाणात मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता. संशोधक याला मेंदूची राखीव ताकद म्हणतात. आपण गंगाजळी म्हणू. वाईट दिवस आले की साठवलेल्यातून चार दिवस निघतात.

इथवर वाचून "चला, आपल्याला विसराळूपणाची भीती नाही" असं कुणी म्हणत असेल, तर जरा थांबा. या संशोधनाची दुसरी बाजूही तितक्याच स्वच्छपणे सांगितली पाहिजे. आजार उशिरा दिसला, टळला नाही. शिवाय हे अभ्यास रुग्णालयात पोचलेल्यांच्या नोंदींवरचे आहेत. निरोगी माणसं घेऊन, वर्षानुवर्षं त्यांच्या मागे राहून केलेला अभ्यास वेगळा असतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी स्पॅनिश बोलणाऱ्या 1067 वृद्धांचा असा माग काही जणांच्या बाबतीत 23 वर्षांपर्यंत ठेवला. 2014 साली निष्कर्ष आला. दोन भाषा येणाऱ्यांची स्मरणशक्ती सुरुवातीला चांगली होती खरी, पण पुढे स्मृतिभ्रंश होण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही.

मुलांच्या बाबतीतही तसंच. 2019 साली अमेरिकेतल्या नऊ-दहा वर्षांच्या 4524 मुलांच्या माहितीवरून असं दिसलं, की लक्ष आवरण्याच्या कामात द्विभाषिक मुलं विशेष पुढे नाहीत. आणि 2015 साली अँजेला दे ब्रुइन आणि सहकाऱ्यांनी तर संशोधकांच्याच घरात डोकावून पाहिलं. परिषदांत सादर झालेल्या कोणत्या अभ्यासांना पुढे नियतकालिकात जागा मिळाली? 'दोन भाषांचा फायदा होतो' असं म्हणणाऱ्यांना सर्वांत जास्त, आणि 'होत नाही' म्हणणाऱ्यांना सर्वांत कमी. चांगली बातमी सगळ्यांनाच छापायला आवडते, विद्वानांनाही.

मग आपण काय धरून चालायचं? मला दिसतं ते असं. दोन भाषांनी मुलाचं नुकसान होतं, या समजुतीला आज आधार उरलेला नाही. दोन भाषांनी मेंदू बळकट होतो आणि आजार लांबतो, हे शक्य आहे, पण त्यावर एकमत नाही. म्हणून च्यवनप्राशासारखी दुसरी भाषा चाटवायला जाऊ नये. आणि भीतीपोटी ती काढूनही टाकू नये. कारण ती काढून टाकल्यानं जे नुकसान होतं, त्याबद्दल कुठल्याही प्रयोगशाळेला विचारायची गरज नाही.

माझ्या ओळखीच्या एका घरातली गोष्ट सांगतो. आजी धारवाडकडच्या, लग्न होऊन मराठी घरात आलेल्या. पन्नास वर्षं अस्खलित मराठी बोलल्या. मुलांचं शिक्षण सोपं व्हावं म्हणून घरात कन्नड कुणी चालू ठेवलं नाही, त्यांनीही आग्रह धरला नाही. शेवटच्या वर्षांत स्मृतिभ्रंश झाला आणि हळूहळू मराठी निसटत गेली. उरलं ते लहानपणीचं कन्नड. त्या काहीतरी मागायच्या, कुणावर रागवायच्या, कधी लहान मुलीसारखं हसून काही सांगायच्या. घरात पाच माणसं, सगळी प्रेमाची. पण काय म्हणतात ते कळायला शेजारच्या अक्कांना बोलवावं लागे. रात्री-अपरात्री तेही जमायचं नाही.

स्मृतिभ्रंशात मागाहून शिकलेली भाषा आधी जावी आणि पहिली मागे राहावी, हे बऱ्याच रुग्णांत दिसतं. सगळ्यांचं तसंच होतं असं नाही. पक्षाघातानंतर कुठली भाषा आधी परत येते, यावर फ्रेंच डॉक्टर पित्र यांनी 1895 सालीच लिहिलं होतं. त्यांच्या मते आजारापूर्वी जी जास्त वापरात होती ती आधी येते. पुढच्या काळात दिसलं, की पुष्कळांच्या दोन्ही भाषा बरोबरीनं सुधारतात, काहींच्या नाही. तेव्हा घरात कुणाला पक्षाघात झाला, किंवा विसराळूपणाची तपासणी करायची असली, तर डॉक्टरांना दोन्ही भाषांची माहिती द्यावी. ज्या भाषेत माणूस हिशेब करतो, देवाला हात जोडतो, त्या भाषेत त्याची परीक्षा झाली पाहिजे. दुसऱ्या भाषेतल्या प्रश्नाला उत्तर आलं नाही, म्हणून स्मरण गेलं असं होत नाही.

आपल्या मुलखाला हे नवीन नाही. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये शतकानुशतकं मराठी, कन्नड आणि उर्दू शेजारी शेजारी नांदल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठातले जॉन गम्पर्झ आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट विल्सन यांनी तिथल्या बोलण्याचा अभ्यास करून 1971 साली तो प्रसिद्ध केला. शब्द ज्याचे त्याचे राहिले होते, पण वाक्याची ठेवण इतकी जुळली होती की एका भाषेतून दुसरीत जाताना जवळजवळ शब्दाला शब्द ठेवता यावा. कुणी कुणाची भाषा बुडवली नाही, आणि कुणाचं डोकंही बिघडलं नाही.

तेव्हा घरात दोन भाषा असतील तर दोन्ही चालू द्याव्यात. त्यासाठी क्लास नको, तक्ते नकोत. आजीनं आजीच्या भाषेत जेवायला बोलवावं, गोष्ट सांगावी, रागवावंसुद्धा. नातवानं उत्तर दुसऱ्या भाषेत दिलं तरी चालेल, आजीनं आपली भाषा सोडू नये. सुनेनं माहेरच्या फोनवर बोलताना खोलीत जाऊन दार लावू नये, पोरांच्या देखत बोलावं. कान तयार झाले की जीभ आज ना उद्या वळते. मेंदूच्या गंगाजळीत काही भर पडली तर उत्तमच. नाही पडली, तरी आजी रात्री पाणी मागेल तेव्हा ते कुणाला तरी कळेल.